पाठीला लावलेला कागद

दफ्तरखान्यात त्याला सगळे खळकाका म्हणत. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा, आणि बाइंडरचं निम्मं आयुष्य ती ढवळण्यात जातं. याच्या बोटांना, शर्टाच्या बाह्यांना, चष्म्याच्या काडीलासुद्धा ती लागलेली असे. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, त्यामुळे नखं कायम निळसर. चौतीस वर्षं हा माणूस तळमजल्यावरच्या एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसून फाटक्या वह्या आणि पुस्तकं शिवत आला होता. निवृत्तीला चार महिने उरले होते. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, साहेबांनी आवाज दिला की पेन्सिल कानावर ठेवून उठणारा. असा माणूस कुणाचं काय वाईट करणार, असं कुणालाही वाटलं असतं. त्यालाही तसंच वाटत होतं.

त्याला काम शिकवलं ते दफ्तरखान्यातल्या जुन्या बाइंडरनं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुस्तकाच्या पाठीला आतून जी कागदाची पट्टी चिकटवतात तिला नवा कागद कधी वापरायचा नाही. नवा कागद कडक, दोनदा पुस्तक उघडलं की तडकतो. जुना, जाड, मुरलेला कागद रद्दीच्या टोपलीतून घ्यायचा. दुसरी गोष्ट अशी, की जे बांधतोस ते वाचायचं नाही. "वाचायला लागलास की हात थांबतो. वाचणारे वर बसलेत, त्यांना त्याचा पगार मिळतो." ही दुसरी गोष्ट त्यानं इतकी मनावर घेतली की चौतीस वर्षांत हजारो पुस्तकं हातांखालून गेली, पण एकाही पानावर काय लिहिलंय ते त्याला सांगता आलं नसतं. पान फाटलंय कुठं, वाळवी लागलीय कुठं, शिवण सुटलीय कुठं, एवढंच त्याला दिसायचं. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

नोकरीचं पहिलं वर्ष. कोठारातला पाण्याचा पाइप फुटला आणि खालच्या फळीवरचं सगळं भिजलं. भिजलेल्या वह्या बाइंडिंगच्या खोलीत वाळत टाकल्या, सुटलेली पानं टोपल्यांत पसरून ठेवली. त्याच आठवड्यात हवामानाच्या नोंदींचे चाळीस खंड बांधून हवेत असा हुकूम आला. उस्ताद तापानं घरी पडलेले. नवा गडी ईरेला पेटला आणि अकरा दिवसांत चाळीस खंड एकट्यानं बांधून मोकळा झाला. उस्ताद परत आले. एक खंड उघडमीट करून पाहिला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कागद कुठून काढलास रे? रेशीम आहे रेशीम!" उस्ताद कौतुक करायचे ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा. हे कौतुक त्यानं जन्मभर पुरवलं. बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, जावयाला तर साखरपुड्यातच सांगितलं.

बायको त्याला भेटली तीही दफ्तरखान्यातच. पाइप फुटल्यानंतर तीन महिन्यांनी बावीस वर्षांची एक मुलगी वाचनकक्षात आली. गावातल्या अनाथालयात वाढलेली, आता शिवणकाम करून स्वतःच्या पायावर उभी. तिच्याकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं, त्यावर आकडा: चारशे सतरा. अनाथालय बंद पडल्यावर त्याच्या दाखल-वह्या दफ्तरखान्यात जमा झाल्या होत्या. आपल्याला कुणी आणलं, कुठून आणलं, एवढं तिला पाहायचं होतं. शिपाई रजेवर होता म्हणून वही घेऊन हाच वर गेला. ती पानं उलटू लागली, तो शेजारी उभा राहिला. तीनशे सत्त्याऐंशीनंतर एकदम चारशे बत्तीस. मधली अकरा पानं नव्हती. वहीच्या सुरुवातीला कार्यालयाची चिठ्ठी होती: मधील पाने पाण्याने नष्ट.

"पाण्यात गेली हो," तो म्हणाला. त्याला इतकं वाईट वाटलं की तिला चहा पाजायला घेऊन गेला. सहा महिन्यांनी लग्न झालं.

लग्नानंतर लाडात आला की तो तिला हाक मारायचा, "चारशे सतरा!" आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "हजर!" ही त्यांची गंमत. अनाथालयाचं तिनं कधी रडगाणं केलं नाही. "टाकून दिलं तर दिलं, उचलणाऱ्यांनी उचललं," असं म्हणायची आणि तिथले किस्से सांगून घर डोक्यावर घ्यायची. त्यातला सगळ्यांचा लाडका किस्सा छत्रीबाईचा. दर रविवारी फाटकाबाहेर एक बाई हिरवी छत्री उघडून उभी राहायची. ऊन असो, नसो. बोलायची नाही, हलायची नाही. मुली आतून तिला खडे मारायच्या. तर ही बाई काय करायची? खाली वाकायची, खडा उचलायची, पुसायची आणि पिशवीत टाकायची! इथं बायको पळी छत्रीसारखी डोक्यावर धरून, दुसऱ्या हातानं खडा उचलून पुसून दाखवायची. नातीचं तर हसून हसून पोट दुखायचं. "आजी, छत्रीबाई कर ना," असा दर सुट्टीत हट्ट.

तर असं सगळं सुखाचं चाललेलं असताना दफ्तरखान्याला नवे दिवस आले.

इमारतीचं रूप पालटायचं ठरलं. वाचनकक्षात मोठे पडदे बसणार, लोकांनी बोट लावलं की जुने कागद उजळून निघणार. कोठाराच्या जागी मुलांसाठी दालन. सगळे कागद फोटो काढून मशीनमध्ये उतरवून घ्यायचे, फार दुर्मिळ असतील ते काचेत, बाकीचे लगद्याच्या गिरणीत. हे काम बघायला एक तरुण मॅडम आल्या. हुशार, कष्टाळू, आवाज न चढवणाऱ्या. त्या काकांना म्हणाल्या, "काका, बांधलेलं पुस्तक मशीनला चालत नाही. सुटी पानं असली की तासाभरात अख्खा खंड आत. पाठ कापावी लागेल. कटिंग मशीनवर तुमच्याइतका कुणाचा हात सरळ नाही."

आता ज्यानं शिवलं त्यालाच उसवायला सांगायचं, याला काय म्हणावं! मला तर ऐकूनच राग आला असता. पण खळकाका रागावला नाही. पेन्सिल कानावर ठेवली आणि उठला. उलट मॅडमनी पडद्यावर एक पान मोठं करून दाखवलं तेव्हा त्यानं तोंडात बोट घातलं. कागदाची सुरकुतीनसुरकुती दिसत होती. "म्हणजे आता काहीच हरवणार नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सोमवारी हवामानाचे खंड निघाले. आपले खंड! तो प्रत्येकाच्या पाठीवरून एकदा अंगठा फिरवायचा, मग मशीनखाली सरकवायचा. पातं खाली यायचं, पाठ कापली जायची आणि खाली लावलेल्या पोत्यात पडायची. सोमवारी तेरा, मंगळवारी तेरा. मंगळवारी कार्यालय सुटताना गिरणीची गाडी आली आणि भरलेली पोती घेऊन गेली.

बुधवारी सकाळी त्यानं सत्ताविसावा खंड घेतला. पोतं लावायचं तो विसरला होता. पाठ फरशीवर पडली, आपटली आणि कापड आणि पट्टी एकमेकांपासून सुटून उलटी झाली. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

पट्टीवर जांभळी शाई होती. लाल रेघा होत्या. आकडे होते: ४०४, ४०५, ४०६, ४०७.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपण बांधलेलं काहीतरी वाचलं.

त्या लाल रेघा त्याला ओळखू आल्या. चौतीस वर्षांपूर्वी त्याच वहीची उरलेली पानं त्यानं स्वतः शिवली होती. त्यानं मशीनचा दांडा घट्ट धरला. पाण्यात गेली नव्हती पानं. वाळत टाकलेल्या टोपलीत होती. त्यानं उस्तादांच्या शब्दाप्रमाणे जुना, जाड, मुरलेला कागद टोपलीतून घेतला होता. फक्त टोपली चुकली होती. एकेका पानाच्या चार उभ्या पट्ट्या पाडल्या होत्या. रेशीम आहे रेशीम!

आणि ती मुलगी वाचनकक्षात बसून पानं उलटत होती, तो शेजारी उभा राहून हळहळत होता, तेव्हा हे चाळीस खंड तिच्या खुर्चीच्या मागच्या फळीवर ओळीनं उभे होते. नवेकोरे. हात मागे नेला असता तर लागले असते.

मॅडम आल्या तेव्हा तो फरशीवर बसला होता. त्यानं पट्टी पुढे केली, मग सगळं सांगितलं, तेही उलटसुलट: आधी बायको, मग पाइप, मग टोपली. मॅडम म्हणाल्या, "पण काका, सगळी पानं मी तपासलीत. एकूण एक पान आत आहे."

"पाठ कुठंय?" तो म्हणाला.

पाठीचा फोटो कुणी घेतलाच नव्हता. मशीनसमोर जे ठेवलं ते मशीननं पाहिलं होतं, तिची काही चूक नव्हती. मॅडमनी तिथूनच गिरणीत फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता, बघून येतो म्हणाला. पाच मिनिटांनी परत आला. "बाई, तुमची पोती सकाळी सातलाच हौदात टाकली. आता खीर झाली."

सव्वीस पाठी गेल्या. पहिल्यांदा त्यानं अजाणतेपणी कापलं, दुसऱ्यांदा हुकमानं कापलं, आणि दोन्ही वेळा हात सरळ होता म्हणून शाबासकी मिळाली. सत्ताविसावी हातात होती, उरले तेरा खंड.

त्या तेरा पाठी सोडवताना त्याच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! पण वाळलेली खळ घाई करू देत नाही. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पाठीवर ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग बोथट सुरीनं केसाकेसानं पट्टी उचलायची. ओढलं की शाई खळीबरोबर निघते. मॅडमनी बाह्या सरसावल्या आणि फडकी पिळायला बसल्या. पडद्याचं काम त्या दिवशी बंद राहिलं. पहिल्या पाच पाठींत दुसऱ्याच मुलांचे तुकडे निघाले: कुणाचं वय, कुणाच्या अंगावरचे कपडे, कुणाच्या मामाचं नाव. प्रत्येक तुकडा कुणाचा तरी होता आणि त्याचे बाकीचे तीन तुकडे बहुधा हौदात होते. मॅडम एकेक टिपकागदावर ठेवत गेल्या.

सहाव्या पाठीत निघालं: ४१६, ४१७, ४१८, ४१९. पुढे फक्त तारखा. आकडे आणि तारखांचा रकाना, बस.

त्यानं तो तुकडा बाजूला ठेवला. बायकोला लागणार होता तो तिसरा रकाना: आणणाऱ्याचे नाव, नाते, पत्ता. तो काही निघेना. अकराव्या पाठीत मात्र आणखी एक पट्टी मिळाली, वर लिहिलेलं: शेरा. तिच्यावर आकडा नव्हता. कुठल्या पानाची? त्यानं ती आकड्यांच्या पट्टीजवळ सरकवली. पाण्याचा एक पिवळट डाग आकड्यांच्या पट्टीवर सुरू होऊन खाली तिरका जात होता, आणि मधे दोन रकान्यांची जागा सोडली की शेऱ्याच्या पट्टीवर तो बरोबर त्याच उतारानं पुढे चालू होत होता. लाल आडव्या रेघाही जुळल्या. फाटके नकाशे जोडण्यात हयात गेली होती त्याची, यात तो चुकणार नव्हता. मधली बोटभर-बोटभर रिकामी जागा तेवढी उरली. तिथं नाव होतं.

दुसरी नोंद. चारशे सतरासमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: आई दर रविवारी फाटकाशी येते. हिरवी छत्री. मुलगी दाखवू नये, मुलीचे मन बिघडते. समज दिली तरी येते.

खाली वेगळी शाई, वेगळं अक्षर, अकरा वर्षांनंतरची तारीख: अजून येते.

मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "काका, हिरव्या छत्रीचं काय?" त्याच्या डोळ्यांसमोर बायको उभी होती, पळी डोक्यावर धरून, आणि समोर नात हसत होती.

क्षणभर त्याच्या मनात आलं, की तेराव्या पाठीनंतर सगळं परत पोत्यात घालावं. चौतीस वर्षं ती टाकून दिलेली म्हणून सुखात जगली. पाण्यात गेली म्हटलं की संपलं. पण हे मनात आलं त्याचीच त्याला इतकी भीती वाटली, की त्यानं दोन्ही पट्ट्या दोन पुठ्ठ्यांत धरल्या, दोरी बांधली आणि दुपारी चारलाच रजा टाकून घरी गेला.

बायको खिडकीशी उशांचे अभ्रे शिवत होती. "अहो, आज इतक्या लवकर? बरं नाही का?"

तो बसला नाही. पुठ्ठे तिच्यासमोर उघडले. "पाण्यात गेली नव्हती पानं," तो म्हणाला. "मीच कापली. ते चाळीस खंड, उस्तादांनी वाखाणले ते. त्यांच्या पाठीला मी तुझं पान लावलं. आणि नाव होतं तो तुकडा परवा नाहीतर काल परत मीच कापला, तो गिरणीत गेला. तुला काय बोलायचं ते बोल. मी..."

"थांबा," ती म्हणाली. "ते नंतर."

तिनं चष्मा पुसला. पहिली पट्टी वाचली, चारशे सतरावर बोट ठेवलं आणि "हजर" असं पुटपुटली, सवयीनं. मग दुसरी वाचली. मग परत वाचली. त्याला वाटलं होतं ती रडेल, निदान त्याच्या अंगावर ओरडेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून ती नुसती बसली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"मुली खडे मारायच्या, असं सांगते ना मी नेहमी?" ती म्हणाली.

"हो."

"मी पण मारायचे. नेम चांगला होता माझा."

तो खाली तिच्या पायाशी बसला. "लहान होतीस अगं. सगळ्याच मारत होत्या."

"सगळ्याच मारत होत्या," ती म्हणाली. तिनं शेऱ्याची पट्टी उचलली नाही, नुसती तिच्याजवळ बोटं टेकवली, भाजल्यासारखी उचलली, परत टेकवली. "पण सगळ्यांचे खडे नाही उचलायची हो ती. बाकीच्यांचे तसेच पडून राहायचे रस्त्यावर. आम्ही त्यालाच तर हसायचो. माझेच तेवढे उचलायची."